भुऱ्या बसून राहिला

पुण्यातली माणसं मला सर म्हणतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमन रजिस्टर पुढे करतो, त्यात कामाच्या रकान्यात मी 'डॉग ट्रेनर' असं लिहितो आणि लिफ्टकडे जातो. आता गुडघे गेलेत, नवीन कुत्री घेत नाही, जुन्याच दोन-तीन घरी जातो. माझ्या हाताखाली तयार झालेली मुलं हल्ली मोबाईलवर व्हिडिओ टाकतात, त्यात कुत्रं नमस्कार करतं, चेंडू आणतं, मेल्याचं सोंग करतं. ती मुलं विचारतात, सर, तुम्ही या लाईनीत कसे आलात? मी त्यांना आमच्या भुऱ्या कुत्र्याची गोष्ट सांगतो आणि ती ऐकून एखादा म्हणतो, काय ट्रेनिंग असेल सर. त्या गोष्टीतलं निम्मं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांना ते ऐकून त्रास झाला असता ती माणसं आता राहिली नाहीत, म्हणून इथे लिहून टाकतो.

आमचं घर बोरी बुद्रुकच्या मळ्यात होतं, गावठाणापासून लांब. मागच्या भिंतीपासून चार पावलांवर ऊस सुरू व्हायचा, आणि तो वाढला की मागच्या खोलीत दुपारीही अंधार असायचा. विहिरीवरच्या मोटरची घरघर दिवसभर कानात असे. लाईट गेली की ती बंद पडायची आणि मग उसाची सळसळ ऐकू यायची. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्या कमी बोलायचे आणि बोलले की समोरच्याला लागेल असंच बोलायचे. आई दिवसभर बोलायची, चुलीशी, शेळ्यांशी, कांद्याशी, देवाशी. थंडीत ती कुळथाच्या पिठाची शेंगोळी करायची. लसणाचा तो ठसका अंगणापर्यंत यायचा. भांड्याच्या बुडाला राहिलेलं घट्ट कालवण खरवडून ती त्यात भाकरी कुस्करायची आणि जर्मनच्या वाकड्या थाळीत भुऱ्याला द्यायची. आमचं जेवण त्याच्या जेवणानंतर. तात्या म्हणायचे, "आदी जावयाला वाढ, मग आमाला." आई ऐकलं न ऐकलं करायची.

भुऱ्या तिचाच होता, हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं. ऊसतोडीवाले पाचटाच्या कोप्या मोडून निघून गेले तेव्हा मागे राहिलेलं हे पिल्लू तिने पदरात घालून आणलं, कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं. पुढे तो चांगला दांडगा झाला, मातकट रंगाचा, एक कान पडका. आई दारात उभी राहून "यू यू यू" करायची, शेवटचा यू जरा ओढून, आणि तो असेल तिथून यायचा. शेजारच्या वस्तीवरच्या कुत्र्यांशी झोंबाझोंबी चालू असली तरी ती सोडून यायचा. मला त्या हाकेचा हेवा वाटायचा. माझ्या हाकेला तो मनात आलं तर यायचा.

बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. उसात त्याचा संसार असतो, पिल्लंही तिथेच होतात. तेव्हाही वस्तीवरची कुत्री त्याच्या तोंडी जायची, आता तर शेतात निघालेल्या बाया स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधतात म्हणे, ते ऐकून पुण्यातले लोक हसतात. हसू दे. तो पट्टा मुळात कुत्र्यांसाठी होता. जाड कातडं, त्यातून बाहेर काढलेले टोकदार खिळे, कारण वाघ आधी मान धरतो. भुऱ्याला असा पट्टा करून आणायला आईने मला जुन्नरला पाठवलं आणि तिथे मला हबीब उस्ताद भेटले. मी तेव्हा बारावीला दोनदा आपटून घरी बसलो होतो. तात्यांच्या लेखी मी कामातून गेलेला होतो.

उस्ताद लष्करातल्या कुत्र्यांच्या पथकात होते. निवृत्त होऊन आले आणि वडिलोपार्जित कातडीकामाच्या दुकानात बसले. पट्टे, बैलांचे साज, चपलांची डागडुजी. दुकानामागच्या पडवीत मात्र लोकांची कुत्री असायची. द्राक्षवाले बागायतदार आपली अल्सेशियन त्यांच्याकडे महिना दोन महिने ठेवून जात. मी गेलो तेव्हा उस्ताद आरीने भोक पाडून खिळा बसवत होते आणि मान वर न करता त्यांनी डाव्या हाताचं एक बोट खाली केलं. पडवीतली तिन्ही कुत्री बसली. मी पट्टा घेतला, एसटीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो. पुढची दोन वर्षं जातच राहिलो. पहिले सहा महिने मी झाडलं, कातडं भिजवलं, कुत्र्यांचं खरकटं काढलं. त्यानंतर साखळी हातात मिळाली. उस्तादांचं मराठी आमच्यासारखंच, मधूनच हिंदीवर जाणारं. ते म्हणायचे, "दत्तू, बसवणारा कुणीबी असतो. उठवणारा कोण, ते आदी ठरव." ज्याने कुत्र्याला बसवलं त्यानेच 'सुट्टी' म्हणायचं, तोवर कुत्र्याने जागा सोडायची नाही, ही त्यांची पद्धत. त्या पद्धतीने मी वेडा झालो होतो. घरात माझ्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती, आणि इथे माझ्या एका शब्दावर एवढं मोठं जनावर दगडासारखं बसून राहत होतं.

तात्या म्हणाले, "कुत्री धरायला काय बामनाचा मुहूर्त लागतो का? दोन वर्सं शिकतोय." मी मनाशी ठरवलं की यांना दाखवायचंच.

घरी मी भुऱ्याला शिकवायला घेतलं. तो हुशार होता, पंधरा दिवसांत बसायला लागला. अडचण एकच होती. मी त्याला अंगणाच्या कडेला बसवून मागे सरायचो, तो छान बसायचा, आणि आतून आईची "यू यू यू" आली की उठून पळायचा. मी उस्तादांना विचारलं. ते हातातलं काम थांबवून म्हणाले, "ती हाक सोड. घरात एक हाक अशी ठेवायची, का तिला हात लावायचा न्हाई. उद्या तू नसला तर? अम्मीची हाक मोडू नको, बेटा." मी मान हलवली. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला माझं कुत्रं आपल्या कुत्र्यांपेक्षा पक्कं झालेलं बघवत नाही. हे असं मला वाटलं होतं, आणि ते लिहिताना आज मला माझ्या बाविशीतल्या थोबाडावर एक ठेवून द्यावीशी वाटते.

मी आईलाच कामाला लावलं. तिला दारात भाकरी घेऊन उभं केलं, भुऱ्याला लांब साखळी लावून बसवलं आणि तिला म्हटलं, हाक मार. तिने हाक मारली, भुऱ्या उठला, मी साखळीला हिसडा दिला. तो कोलमडला. पुन्हा बसवलं. "मार हाक."

"आरं त्याला लागतंय."

"लागल्याशिवाय कळायचं नाही. मार."

तिने मारली. पुन्हा हिसडा. असं आम्ही रोज सकाळी करायचो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला न्हाई ह्ये जमायचं. माज्या त्वांडानं बोलवायचं आन् तू मारायचं. त्यानं काय समजायचं?" मी तिच्यावर ओरडलो. माझं आयुष्य उभं राहायचं आहे आणि तुला कुत्र्याचा पुळका आलाय, असं काहीतरी बोललो. ती हाका मारत राहिली, आवाज मात्र बारीक होत गेला. दहा-बारा दिवसांनी ती हाक मारायची आणि भुऱ्या नुसता तिच्याकडे बघायचा. शेपूट मातीवर आपटायचा, पण बूड उचलायचा नाही. तिने भाकरी पुढ्यात ठेवली तरी तोंड फिरवायचा. मी खूश होतो. मला वाटलं होतं मी कुत्र्याला शिकवलं.

त्याच सुमारास साहेब आले. पुण्यातले बिल्डर, आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या पुढे त्यांनी जमीन घेतली होती, तिथे बंगला बांधत होते आणि राखणीला चार-पाच मोठी कुत्री ठेवायची होती. त्यांना कायमचा शिकवणारा हवा होता. त्यांना कुणीतरी उस्तादांचं नाव सांगितलं होतं, उस्तादांनी वय झालं म्हणून माझं सांगितलं. दुपारी चारच्या सुमाराला त्यांची पांढरी गाडी मळ्यात आली. ती येणार हे मला माहीत होतं, म्हणून सकाळीच मी भुऱ्याला अंघोळ घातली होती. आणि त्याचा खिळ्यांचा पट्टा काढून खुंटीला अडकवला होता. शहरातल्या माणसापुढे तो पट्टा मला गावंढळ वाटला. आळेफाट्यावरून लाल रंगाचा, घुंगरू लावलेला पट्टा आणला होता, तो घातला. आईने विचारलं, "पट्टा का काढला रं?" मी म्हटलं, "संध्याकाळी घालतो."

मी भुऱ्याला अंगणाच्या उसाकडच्या कोपऱ्यात बसवलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, बिस्किट टाकलं, गाडीचा हॉर्न दिला. भुऱ्या हलला नाही. मग मी मुद्दाम म्हटलं, "आई, तू हाक मार." तिने माझ्याकडे पाहिलं आणि मारली. भुऱ्या हलला नाही. साहेब म्हणाले, "कमाल आहे. किती वेळ बसेल हा?"

"मी उठवीपर्यंत साहेब."

"चल मग, गाडीत बस. ओतूरला माझ्या एका मित्राकडे शेफर्डची पिल्लं आहेत. त्यातली कुठली घ्यायची ते तू सांग. तुझ्या हातांनीच निवडू."

मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या पुढच्या सीटवर बसलो. पिंपरी पेंढार जवळ आलं तेव्हा साहेब हसत म्हणाले, "काय रे, तो अजून बसला असेल?"

मी घरच्यांना सांगितलं, उस्तादांना सांगितलं, पुढे बायकोलाही सांगितलं, की गडबडीत त्याला सुट्टी द्यायची विसरलो. विसरलो नव्हतो.  साहेबांनी विचारलं तेव्हा दिवस मावळायला किती वेळ आहे याचा हिशेब मी मनात केला होता. तेवढंच म्हणायचं होतं, साहेब, गाडी वळवा, पाच मिनिटांत त्याला उठवून येतो. ते मला म्हणवलं नाही. गाडी वळवायला सांगणारा पोरगा त्यांना बावळट वाटेल असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला तो बसलेलाच हवा होता. परत जाऊ, तो तिथेच असेल, साहेब बघतील, माझं काम होईल. मी म्हटलं, "असणारच साहेब."

ओतूरला पिल्लं पाहिली. मी दोन निवडली. एसटी स्टँडसमोर भजी खाल्ली, चहा झाला, साहेबांच्या मित्राने अजून एक चहा पाजला. परत येताना आळेफाट्यावर साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "उशीर झाला रे, मी इथूनच पुण्याला वळतो. तुला मिळेल ना काहीतरी?" भुऱ्या बसलाय का ते बघायला ते येतील असं मी धरून चाललो होतो. मी उतरलो. बोरीकडे जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नव्हती. ड्रायव्हर म्हणत होता, "अजून तीन शिटा येऊ द्या, भाऊ." मी बॉनेटवर हात आपटत होतो, लोक माझ्याकडे बघत होते. मग तिसरं माणूस आलं, वर चौथंही कोंबलं, तेव्हा जीप हलली. मी मळ्याच्या वाटेला लागलो तेव्हा माणूस दिसत होता, तोंड ओळखू येत नव्हतं, इतपत उजेड होता. घराकडून माणसांचे आवाज येत होते. मी पळायला लागलो.

अंगणात शेजारच्या वस्तीवरची माणसं काठ्या घेऊन उभी होती. तात्यांच्या हातात बॅटरी होती. भुऱ्याच्या जागेवर माती उकरलेली होती, थोडं रक्त होतं आणि तिथून उसापर्यंत ओढत नेल्याची रुंद रेघ होती. वाघाला बघून तो उठला होता की नव्हता, भुंकला होता की नव्हता, हे कुणालाच माहीत नाही. आईने आतून फक्त घुंगराचा आवाज ऐकला होता.

ती उंबऱ्यावर बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "दिवस कलला तसं मी बोलीवलं त्याला. नुसता बघत ऱ्हायला. भाकर न्हेऊन ठिवली, त्यानं तोंड फिरीवलं. मग पट्ट्याला धरून वढला, तर गुरकावला माज्यावर. माज्यावर गुरकावला, दत्तू." मग म्हणाली, "तव्यावर भाकर व्हती. मी आत गेले."

मी म्हटलं, विसरलो गं. तात्यांनी बॅटरीचा उजेड माझ्या तोंडावर टाकला आणि बॅटरी बंद केली.

दोन दिवसांनी जुन्नरला गेलो. उस्तादांना कळलं होतं. त्यांनी विचारलं, "पट्टा?" मी सांगितलं. "अम्मीची हाक?" मी खाली बघितलं. त्यांनी हातातल्या कातड्याला आरीने पुढचं भोक पाडलं. मग म्हणाले, "तुला काम मिळंल. हात चांगला हाय तुझा. पर माझं नाव सांगू नको कुठं." मी त्यांचं नाव कुठे सांगितलं नाही. ते वारल्याचंही मला फार उशिरा कळलं, आणि तेव्हाही मी गेलो नाही.

गावात मात्र गोष्ट वेगळीच फिरत होती. दत्तूचं कुत्रं वाघ अंगावर आला तरी उठलं नाही, मालकाचा हुकूम नव्हता म्हणून. बाजारात, एसटीत, डेअरीवर हेच. लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. तात्यांनाही कुणी म्हणालं, काय शिकवलंय राव पोरानं. ही गोष्ट फिरत फिरत साहेबांपर्यंत गेली आणि आठवड्याभरात पांढरी गाडी पुन्हा अंगणात उभी राहिली. साहेब गंभीर चेहऱ्याने उतरले, भुऱ्याच्या जागेपाशी जाऊन उभे राहिले. मग मला म्हणाले, "खरं सांग. तू सांगितलं होतंस म्हणून तो उठला नाही?"

इथेच मला बोलता आलं असतं. मी म्हणू शकलो असतो की साहेब, तुम्ही गाडीत विचारलंत तेव्हाच मी गाडी वळवायला सांगायला हवं होतं. काम गेलं असतं. दुसरं काहीतरी केलं असतं, कांदा पिकवला असता. मी म्हटलं, "हो साहेब. माझी ऑर्डर होती."

आई चहा घेऊन बाहेर आली होती, तिने ते ऐकलं. साहेब तिच्याकडे वळले, "आई, तुम्ही होतात ना घरी? तुम्ही पाहिलंत?"

तिने कप त्यांच्या हातात दिला. "मी हाका मारल्या. न्हाई आला. लई पक्कं शिकीवल्यालं व्हतं माज्या लेकानं."

साहेबांना ते कौतुक वाटलं. पुढे कितीतरी वर्षं, बंगल्यावर पाहुणे आले की ते आईचं हे बोलणं तिच्याच ढंगात म्हणून दाखवायचे आणि मला पुढे करायचे. त्यातूनच मला दुसरं काम मिळालं, त्यातून तिसरं, मग पुणं. आईने सांगितलेलं मी त्या अंगणात उभा राहून पुरेपूर समजलो होतो. मी तरीही मान खाली घालून कामाचं पक्कं करून घेतलं. आणि तिने साहेबांना दिलेल्या त्या एका कपाशिवाय माझ्यासाठी दुसरा कप आणला नव्हता, हेही मी पाहिलं.

नोकरी लागल्यावर मी सुट्टीला घरी जायचो. मी विहिरीवर असलो की आई जेवण वाढून ठेवायची आणि तात्यांना सांगायची, त्याला सांगा, वाढलंय. तात्या वारल्यावर ती स्वतः चालत विहिरीपर्यंत यायची, गुडघे दुखत असताना, आणि जवळ येऊन हळू बोलायची. मला ते लक्षात यायला दोन-तीन वर्षं गेली. एकदा मी चिडून म्हटलं, "अगं एवढं चालत कशाला येतेस? तिथूनच हाक मार की."

ती म्हणाली, "मी आता कुनाला हाक मारत न्हाई, दत्तू." आणि परत घराकडे चालायला लागली.